कुलगुरूची सही आणि संशोधकाचे नाव

मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत वाङ्मयाच्या सीमा बऱ्याच विस्तारल्या. आत्मचरित्र, पत्रव्यवहार, रोजनिशी, प्रवासवर्णन, बखर हे सर्व प्रकार आज समीक्षेच्या कक्षेत आहेत. मात्र विद्यापीठीय माणसाच्या कारकिर्दीतून जे गद्य निर्माण होते, म्हणजे साधनग्रंथाची प्रस्तावना, कागदपत्रांचे संपादन, शोधनिबंध, अहवाल, पदवीदान समारंभातील भाषण, त्याकडे अजूनही कोणी वाङ्मयप्रकार म्हणून पाहत नाही. हे सारे गद्य गौरवग्रंथांच्या स्वाधीन झाले आहे. गौरवग्रंथाची भाषा ठरलेली असते. ‘विद्वत्ता आणि प्रशासन यांचा संगम’ हा शब्दप्रयोग त्यात एकदा तरी येतोच, आणि संगम म्हटला की दोन प्रवाहांपैकी कोणता आटला हे विचारण्याची सोय उरत नाही. वास्तविक विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच आहे. अधिकारपदावर गेलेल्या संशोधकाच्या लेखनाचे काय होते? ते थांबते, रूप बदलते, की दुसऱ्याच कोणाच्या हातून लिहिले जाऊ लागते?

महाराष्ट्रात विद्वान कुलगुरूंची परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये त्या पदावर आले, त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पांडुरंग वामन काणे १९४७ ते १९४९ या काळात तिथे कुलगुरू होते. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये आणि पाचवा १९६२ मध्ये पूर्ण झाला. कुलगुरुपदाची दोन वर्षे त्या बत्तीस वर्षांच्या ओघात जवळजवळ अदृश्य आहेत. परंतु या उदाहरणांवरून फार मोठा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तेलंग पदावर असताना उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. चालत्या विद्यापीठाची मानाची खुर्ची भूषविणे वेगळे, आणि माळरानावर विद्यापीठ उभे करणे वेगळे. या दुसऱ्या कामात संशोधकाचे काय होते हे पाहावयाचे तर कोल्हापूरकडे वळावे लागते.

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी हे जिल्हे, चौतीस महाविद्यालये आणि सुमारे १४,००० विद्यार्थी एवढा आरंभीचा पसारा. पहिले कुलगुरू म्हणून आलेले डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते, आणि १९६२ पासून १९७५ पर्यंत ते त्या पदावर राहिले. या कालखंडाची लांबीच बोलकी आहे. एवढ्या अवधीत माणूस पदावर असतो असे म्हणण्यापेक्षा पदच त्या माणसात मुरते असे म्हणणे अधिक योग्य. ८५३ एकरांचा परिसर, वसतिगृहे, ग्रंथालय, पदव्युत्तर विभाग, आणि श्रम करून शिकणाऱ्या मुलांसाठीची ‘कमवा आणि शिका’ योजना यांचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येतो, आणि तो रास्तही आहे. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात उभारलेल्या वसतिगृहांच्या चळवळीचा धागा त्यात सरळ दिसतो. कुणब्याच्या पोराला राहायला जागा आणि खायला अन्न मिळाल्याशिवाय ज्ञानाची भाषा पोकळ आहे, हे या भागाला फार लवकर उमगले होते.

पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कुलगुरुपदाच्या उत्तरार्धात आप्पासाहेबांच्या नावाने जी ग्रंथसंपदा बाहेर आली तिचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. १९६९ पासून ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ या मालेचे खंड विद्यापीठाने प्रसिद्ध केले. १९७० च्या मे महिन्यात मराठ्यांच्या इतिहासावर परिसंवाद झाला आणि त्यातील निबंध पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने आले. १९७१ मध्येच ताराबाईच्या काळातील फार्सी पत्रांचा संग्रह निघाला. कुलगुरुपद सोडल्यानंतर, १९७८ मध्ये, राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचा पहिला खंड शाहू संशोधन केंद्राने काढला. या सर्वांवर ‘संपादक’ म्हणून पवारांचे नाव आहे. ज्याला इतिहासकाराचा स्वतःचा कथनात्मक ग्रंथ म्हणावा, ज्यात ताराबाईची किंवा शाहूंची संपूर्ण कथा एका दृष्टिकोनातून सांगितली आहे, तसा ग्रंथ या यादीत नाही.

यावर एक सोपे स्पष्टीकरण तयार असते. वेळ मिळाला नाही. प्रशासनाने लेखकाला खाल्ले. परंतु हे स्पष्टीकरण मान्य केले तर संपादन हे लेखनाचे कनिष्ठ रूप आहे असे आधीच गृहीत धरावे लागते, आणि मराठी इतिहासविद्येची परंपरा या गृहीतकाला साथ देत नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली तेव्हा साधने आणि प्रस्तावना यांच्यात एक विलक्षण ताण निर्माण झाला. कागद मुके होते, प्रस्तावना मात्र वादळी होती. वाचकांनी साधने कमी आणि प्रस्तावना जास्त वाचल्या. पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांचे पंचेचाळीस खंड सरदेसायांनी तयार केले तेव्हा प्रस्तावनेचा आवाज उतरला, कारण त्यांच्यातील निवेदक ‘रियासती’त आधीच बोलून मोकळा झाला होता. आप्पासाहेबांचे तसे नाही. त्यांनी राजवाड्यांची गर्जना स्वीकारली नाही आणि सरदेसायांसारखी स्वतंत्र कथा शेजारी ठेवली नाही. त्यांच्याजवळ जे होते ते विद्यापीठ होते. मोडी वाचणारी माणसे एकत्र बसविणे, दप्तरखान्याची दारे उघडून घेणे, छपाईला पैसा लावणे, अभ्यासकांना चार दिवस एका छताखाली आणणे ही सारी कामे एकट्या पंडिताच्या आवाक्यातली नव्हेत. कुलगुरूच्या सहीने ती होतात. अधिकारपदाने संशोधन संपविले असे म्हणण्याऐवजी, अधिकारपदानेच येथे संशोधनाचा प्रकार ठरविला असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. संस्था हे ज्याचे साधन आहे तो संशोधक कथा लिहीत नाही, साधने छापतो.

ताराबाई हा विषय त्यांनी निवडावा यातही अर्थ आहे. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी १७०० मध्ये राजारामाच्या मृत्यूनंतर औरंगजेबाशी सात वर्षे झुंजली. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर वारसाहक्काचा झगडा झाला, आणि १७१४ मध्ये राजसबाई व संभाजी यांच्या पक्षाने पन्हाळ्यावर तिला सत्तेवरून दूर केले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये रीतसर अलग झाली. ताराबाई त्यानंतरही तीस वर्षे जगली. पानिपतच्या वर्षाअखेरीस, डिसेंबर १७६१ मध्ये, तिचा अंत झाला. साताऱ्याची आणि त्याहूनही पुण्याची बाजू केंद्रस्थानी ठेवून जो इतिहास लिहिला गेला त्यात या बाईचे चित्र महत्त्वाकांक्षी, हट्टी, कारस्थानी असे रेखाटले जाणे अपरिहार्य होते, कारण त्या कथेची गती शाहू आणि पेशवे यांच्या उदयाकडे होती आणि तिच्या वाटेत ताराबाई आडवी येत होती. खलनायिका हे अनेकदा कथानकाच्या रचनेचे फलित असते, चारित्र्याचे नव्हे. कोल्हापूरचे विद्यापीठ आपल्या पहिल्या मोठ्या संशोधनप्रकल्पासाठी नेमक्या याच व्यक्तीकडे वळते, हा प्रादेशिक अभिमान आहेच. पण तो केवळ अभिमान नाही. केंद्राने लिहिलेल्या कथानकाला परिघाने दिलेले ते उत्तर आहे. आणि उत्तर देताना त्याने प्रतिकथा रचली नाही, कागद पुढे केले.

या कागदांकडे संहिता म्हणून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ताराबाईच्या सत्तेच्या वर्षांतील राजपत्रे तिच्या नावाने निघत नाहीत. राज्य तिच्या अल्पवयीन मुलाचे, शिवाजीचे, मुद्रा त्याची, आज्ञा त्याच्या नावाची. राज्याभिषेक शक, सुहूर सनाचे अरबी आकडे, देशमुख-देशपांड्यांना उद्देशून केलेले संबोधन, वतनाचा तपशील, अखेरचे मोर्तब, या ठरलेल्या चौकटीत कोठेही तिची ‘मी’ उमटायला जागा नाही. इच्छा एकीची आणि सही दुसऱ्याची. अशा संहितेतून व्यक्ती शोधावयाची तर ती शब्दांत सापडत नाही, कागदांच्या क्रमात सापडते: कोणाला अभय दिले, कोणाचे वतन परत केले, कोणत्या महिन्यात कोणत्या किल्ल्यावरून कागद सुटला, कोणाला पुन्हा पुन्हा लिहावे लागले. चरित्रकार या जागी कल्पनाशक्तीने भर घालतो आणि वाचकाला एक अखंड ताराबाई देतो. संपादकाला ते करता येत नाही. तो फक्त क्रम लावतो, आणि क्रम लावण्याच्या या कृतीतच त्याचा सारा अन्वयार्थ दडलेला असतो. कालानुक्रमे मांडलेले कागद एक बाई दाखवितात, विषयवार मांडलेले दुसरीच.

फूको यांनी १९६९ मध्ये लेखक म्हणजे काय हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा लेखकाचे नाव ही संहितेच्या अभिसरणाची एक व्यवस्था आहे असे त्यांनी दाखविले. त्याच वर्षी कोल्हापुरात हे खंड निघू लागले हा योगायोग. पण त्या प्रश्नाला इतके नेटके उदाहरण मिळणे कठीण. राजपत्रावर मुलाची मुद्रा, मागे आईची इच्छा. ग्रंथावर कुलगुरूंचे नाव, मागे मोडीवर डोळे झिजविणाऱ्यांचे श्रम. आप्पासाहेबांवर श्रेय लाटल्याचा आरोप येथे सुचवायचा नाही. साधनग्रंथ ही प्रकृतीनेच सामुदायिक निर्मिती असते, आणि मुखपृष्ठावर एक नाव छापण्याची रूढी त्यांनी निर्माण केलेली नाही. परंतु पद आणि नाव यांची सांगड एकदा बसली की कोणते वाक्य संशोधकाचे आणि कोणते संस्थेचे हे वेगळे काढता येत नाही, आणि गौरवग्रंथ ज्याला संगम म्हणतात त्याचे खरे रूप हेच असते.

या संपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मराठी कागद एका मालेत आणि फार्सी पत्रे इंग्रजी नावाच्या वेगळ्या ग्रंथात गेल्यामुळे ताराबाईचा काळ भाषेच्या सोयीने दुभंगला. सतराव्या-अठराव्या शतकांच्या सांध्यावरील दख्खनचा राजकीय व्यवहार एका भाषेत चालतच नव्हता. तोच कारकून एका हाताने मोडी आणि दुसऱ्या हाताने फार्सीतून आलेले शब्द वागवीत होता. दोन्ही बाजूंची पत्रे एकाच कालक्रमात शेजारी आली असती तर संवाद आणि संघर्ष यांचे नाट्य वाचकासमोर उलगडले असते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. निवेदकाने मौन पाळले की कथा थांबत नाही, ती दुसरा कोणी सांगतो. ब्रिज किशोर यांचा ताराबाईवरील इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्येच आलेला होता. पुढे जयसिंगराव पवार यांनी मराठीत महाराणी ताराबाईंचे चरित्र लिहिले आणि सामान्य वाचकापर्यंत ती पोहोचली ती त्यातून. साधनांच्या खंडांशी ज्याचे नाव जोडले गेले त्या माणसाला ताराबाई कशी दिसली, हे मात्र तुकड्यातुकड्यांतून जुळवावे लागते. एवढे कागद हाताखालून गेल्यावर त्याने एखाद्या दीर्घ निबंधात तरी निर्णय द्यावयास हवा होता. संयम हा संपादकाचा गुण खरा, पण इतिहासकाराचा तो कधी कधी पळ असतो.

कोल्हापुरात त्यांच्या आधी असा निर्णय देणारा एक माणूस होऊन गेला होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३२ पासून ‘शिवाजी द ग्रेट’चे खंड लिहिले, डच आणि इंग्रज वखारींचे कागद त्यांनी त्यात आणले. कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे ही कल्पनाही त्यांच्याच नावाशी जोडली जाते. १९४० मध्ये ते वारले. बाळकृष्णांच्या ग्रंथात अभिनिवेश पुष्कळ आहे, काही ठिकाणी तो पुराव्याच्या पुढे धावतो. पण निवेदक आहे. कॉलेजचा प्राचार्य निवेदक राहू शकला आणि विद्यापीठाचा कुलगुरू राहू शकला नाही, असे सूत्र मांडण्याचा मोह होतो. दोन माणसांवरून सूत्र बनत नाही, तरीही संस्थेचा आकार आणि लेखकाचा आवाज यांचे काही व्यस्त प्रमाण असावे ही शंका राहतेच.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला. भाऊसिंगजी रस्त्याने नवा राजवाडा मागे टाकून उत्तरेकडे गेले की कसबा बावडा लागते. पंचगंगेच्या काठचे हे गाव आता कोल्हापुराचेच अंग झाले असले तरी बावडेकर स्वतःला अजून बावड्याचेच समजतात. येथील लक्ष्मी-विलास राजवाड्यात १८७४ मध्ये शाहू छत्रपतींचा जन्म झाला. राजाराम साखर कारखाना येथला. आणि विनाअनुदान महाविद्यालयांना १९८३ मध्ये राज्य शासनाने वाट मोकळी करून दिल्यावर, १९८४ मध्ये डी. वाय. पाटील यांच्या संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले तेही येथेच. १९८९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, २००५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या गावात वसतिगृहांच्या राजाचा जन्म झाला तेथेच शुल्कावर चालणाऱ्या शिक्षणाचा हा नवा अध्याय लिहिला जावा, हा विरोधाभास अनेकांनी टीकेसाठी वापरला आहे. तो टीकेच्या पलीकडेही विचार करण्याजोगा आहे, कारण अनुदानाने चालणारी व्यवस्था जेथे थकली तेथे ही दुसरी व्यवस्था उभी राहिली.

या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी २०१० च्या सुमारास डॉ. एस. एच. पवार होते. ते पदार्थवैज्ञानिक, आधीची कारकीर्द शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात. आडनाव तेच, शहर तेच, पदनामही तेच. ज्ञानव्यवहार मात्र मुळापासून वेगळा. शिवाजी विद्यापीठातील थिन फिल्मच्या संशोधनाचा इतिहास मराठीत कोणी लिहिलेला दिसत नाही, आणि ही उणीव लहान नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर सौरऊर्जेसाठी स्वस्त अर्धवाहक थर बनविण्याची गरज जगभर निर्माण झाली. श्रीमंत प्रयोगशाळा निर्वात पंपांच्या महागड्या यंत्रणेत हे थर बनवीत. कोल्हापुरात रासायनिक मार्ग धरला गेला. एका बीकरमध्ये कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचे द्रावण, त्यात उभी धरलेली काचेची पट्टी, पाण्याच्या उत्कलनबिंदूखालचे तापमान. काही वेळाने काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर चढलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत पट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवितात आणि मध्ये पाण्याने धुतात. प्रत्येक फेरीत थर अणुरेणूंच्या मापाने वाढतो. विद्युत-निक्षेपणाने बनणाऱ्या अर्धवाहक थरांवर चंद्रकांत लोखंडे आणि एस. एच. पवार यांचा आढावा-निबंध १९८९ मध्ये एका जर्मन नियतकालिकात आला. अभावातून हा मार्ग निवडला गेला. देशीवादावर मराठीत जे शेकडो पृष्ठांचे वाद झाले त्यांत या बीकरचा उल्लेख असायला हवा होता.

कसबा बावड्यात कुलगुरू असतानाही या पवारांचे संशोधन थांबलेले दिसत नाही. तिथल्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रातून २०१२-१३ च्या आसपास फेराइटच्या चुंबकीय सूक्ष्मकणांवर निबंध निघत होते. आलटत्या चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात, आणि सुमारे ४२ ते ४६ अंश सेल्सियसची उष्णता कर्कपेशींना सोसत नाही, या तत्त्वावर ते काम होते. थिन फिल्म आणि अतिसंवाहकांवर आयुष्य घालविलेला माणूस वैद्यकाकडे का वळला, याचे एक उत्तर बावड्याच्या भूगोलातच मिळते. तेथे विद्यापीठाचे केंद्र वैद्यकीय महाविद्यालय होते, रुग्णालय शेजारी होते. आप्पासाहेबांच्या बाबतीत संस्थेने संशोधनाचा प्रकार ठरविला, येथे तिने विषयाला वळण दिले असे म्हणता येईल. पुढे लोखंडे हेही याच केंद्रात आले आणि ऊर्जा साठविणाऱ्या सुपरकपॅसिटरांचे काम तेथून चालू राहिले.

या निबंधांच्या लेखकनामावलीकडे पाहावे. पाच-सहा नावे असतात. पहिले नाव ज्याने प्रयोग केला त्या विद्यार्थ्याचे, शेवटचे मार्गदर्शकाचे. कुलगुरूंचे नाव येथे बहुधा शेवटी येते. साधनग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकटे झळकणारे नाव येथे रांगेच्या टोकाला उभे आहे, आणि मोडी वाचणाऱ्याला जे मिळाले नाही ते बीकर ढवळणाऱ्याला मिळाले आहे. लेखकत्वाच्या दृष्टीने ही रूढी अधिक प्रामाणिक मानावी लागेल. तिचा दुसरा चेहराही आहे. शेवटचे नाव हे कधी मार्गदर्शनाचे असते, कधी केवळ प्रयोगशाळेच्या मालकीचे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आणि अशा नावांची बेरीज करून माणसाची योग्यता ठरविण्याची पद्धत रूढ झाल्यावर कारकीर्द ही कथा राहत नाही, ती अंकगणित होते. अमुक निबंध, तमुक उद्धरणे, इतके पीएच.डी. विद्यार्थी, एवढी एकस्वे. आजचा कुलगुरूचा परिचय वाचताना आकड्यांखेरीज काही हाती लागत नाही. ज्या बीकरमधून तो पिवळा थर पहिल्यांदा नीट चिकटला तो दिवस, त्याआधी फुकट गेलेल्या पट्ट्या, विजेच्या खंडामुळे बिघडलेले द्रावण हे त्या परिचयात येत नाही. गौरवग्रंथ निदान खोटे तरी बोलत असे. आकडे बोलतच नाहीत.

शोधनिबंधाचा निवेदक कर्मणी प्रयोगात बोलतो. द्रावण तयार केले गेले, पट्टी बुडविली गेली, थराची जाडी मोजली गेली. कोणी, हे सांगायचे नसते. शिवाजीच्या मुद्रेमागे लपलेली ताराबाई आणि कर्मणी प्रयोगामागे लपलेला विद्यार्थी यांच्यात व्याकरणाचे नाते आहे. पण ताराबाईचे कागद मराठीत होते. तीनशे वर्षांनी कोणी मोडी शिकला की ती बोलू लागली. बावड्याच्या केंद्रातून निघणारा प्रत्येक निबंध इंग्रजीत आहे, आणि मराठीचा त्यात एकच अंश उरतो, तो म्हणजे पत्ता. कसबा बावडा, कोल्हापूर ४१६ ००६ ही अक्षरे रोमन लिपीत जगभरच्या नियतकालिकांतून छापली जातात. विज्ञानाची भाषा आंतरराष्ट्रीय असणार हे उघड आहे आणि त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. तक्रार वेगळी आहे. प्रयोगशाळेत दिवसभर जे बोलणे चालते, पट्टी कशी धरायची, द्रावण केव्हा ‘फाटते’, कोणता थर ‘सुटतो’, ते सारे मराठीत, बहुतेक कोल्हापुरी मराठीतच चालत असणार. ते कोठेही लिहिले जात नाही. म्हणजे ज्ञान ज्या भाषेत घडते तिच्यात ते नोंदविले जात नाही, आणि ज्या भाषेत नोंदविले जाते तिच्यात ते घडलेले नसते. साहित्यसमीक्षा भाषांतराविषयी जे प्रश्न विचारते ते सर्व येथे लागू पडतात, फक्त येथे मूळ संहिताच उपलब्ध नाही.

मराठी ललित साहित्यानेही ही जागा भरून काढलेली नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ ची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षातली. तिच्यातील महाविद्यालय आणि पुढच्या चतुष्टयातील प्राध्यापकांचे जग वाचकांना ठाऊक आहे. त्या परंपरेने विद्यापीठीय माणसाला उपरोधाच्या प्रकाशात पाहण्याची सवय लावली, आणि तो उपरोध बव्हंशी लायकच होता. परंतु त्यात काम दिसत नाही. खुर्ची दिसते, कारस्थान दिसते, कागदाखाली डोळे घालून बसलेला किंवा रात्री दहाला प्रयोगशाळेचा दिवा विझवून घरी जाणारा माणूस क्वचितच दिसतो. कुलगुरू तर मराठी कादंबरीत प्रायः गाडीतून उतरतो आणि भाषण करतो. गौरवग्रंथाने पूजा केली, कादंबरीने टवाळी केली, दोघांनी मिळून काम वाचायचे राहू दिले.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचा पहिला खंड आप्पासाहेबांनी काढला तेव्हा ते पदावर नव्हते. मुद्रा गेली होती, नाव उरले होते. पुढचे खंड विलास संगवे आणि बी. डी. खणे यांनी सिद्ध केले. संगवे समाजशास्त्रज्ञ, जैन समाजाचे अभ्यासक. इतिहासकाराने सुरू केलेले काम दुसऱ्या विद्याशाखेच्या माणसाने हाती घेतले आणि मालेची चौकट टिकली. बावड्याच्या राजवाड्यात जन्मलेल्या माणसाचे कागद अशा रीतीने तीन संपादकांच्या हातून गेले, आणि एकाच्या जाण्याने थांबले नाहीत. कथा सांगणाऱ्याबरोबर कथा संपते. साधनांची माला दुसऱ्याला पुढे नेता येते. आप्पासाहेबांच्या मौनाचा हिशेब करताना हेही जमेला धरावे लागेल. बावड्याच्या केंद्रातील थरांच्या आणि कणांच्या कामाचे असे कागद, म्हणजे प्रयोगवह्या, फसलेल्या नमुन्यांच्या नोंदी, विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचा पत्रव्यवहार, कोणत्या दप्तरात जात आहेत, किंवा जात आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाइतकाच मराठीच्या अभ्यासकांनीही विचारावयाचा आहे.